विहिरीतल्या पाण्याचा हिशेब कसा ठेवावा?



कारखान्याला घातलेल्या उसाचा हिशेब आपण पावती-पावतीने ठेवतो. वजनकाट्यावर थोडा फरक वाटला तरी विचारतो, आणि विचारलंच पाहिजे. पण तो ऊस ज्या विहिरीवर वाढला तिच्यातून वर्षभरात किती पाणी उपसलं असं विचारलं, तर "मोटर रोज इतके तास चालते" याच्या पुढे उत्तर जात नाही. पाणी कमी पडलं की विहीर आणखी दोन परस खोल करायची, आडवे बोअर घ्यायचे, नाहीतर उभा बोअर मारायचा, हाच आपला उपाय. कर्ज वाढतं, आणि शेजाऱ्याचा बोअर आपल्याहून खोल गेला की आपली विहीर कोरडी पडते. म्हणून या पाठात पाणी मोजायला शिकू.

जमिनीखाली पाणी किती?

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. खाली पाण्याची नदी वाहते असं काहीजण समजतात, तसं नाही. पाणी राहतं ते खडकाच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाड थरात. अशा खडकाच्या शंभर भागांतून उपसता येईल असं पाणी साधारण एक ते तीन भागच निघतं. आपण दोन धरू. पावसाळ्यात शिवारातल्या विहिरींची पातळी ५ मीटर वर आली, तर ते सगळं पाणी रानावर पसरलं असता १०० मिलिमीटर, म्हणजे चारच इंच भरेल.

एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. तेव्हा १०० मिलिमीटर म्हणजे एकरी ४ लाख लिटर. पावसाने आपल्या खात्यावर केलेली जमा एवढीच.

आता खर्च पाहू. बारा महिन्यांच्या सुरू उसाला सरीने पाणी देताना पावसासह २,००० मिलिमीटर लागतं असं धरा. त्यातले ५०० पावसाने भागले, तर १,५०० मिलिमीटर विहिरीतून द्यावे लागतात. म्हणजे एकरी ६० लाख लिटर. सरीतलं चौथा हिस्सा पाणी पुन्हा जमिनीत मुरलं असं मानलं, तरी ४५ लाख लिटर गेले. याचा अर्थ एक एकर ऊस सुमारे अकरा एकरांखाली मुरलेलं पाणी पितो. दहा एकरवाल्याने पाच एकर ऊस विहिरीवर केला, तर उरलेलं पाणी कुणाच्या रानाखालून येतं, याचा विचार ज्याचा त्याने करावा. कालव्यावरच्या सभासदांचा हिशेब वेगळा; पण आवर्तन लांबलं की त्यांचीही धाव विहिरीकडेच असते.

मोजायचे कसे?

१. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा. दोरीला वजन बांधून दर पंधरा दिवसांनी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. मोजणी सकाळी, मोटर सुरू करण्यापूर्वी करावी.

२. मोटरचं पाणी मोजा. २०० लिटरचं बॅरल ४० सेकंदांत भरलं, तर तासाला १८,००० लिटर पाणी पडतं. सहा तास मोटर चालली म्हणजे १,०८,००० लिटर. एका एकराला २७ मिलिमीटर झाले.

३. विहिरीचे झरे ओळखा. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. संध्याकाळी मोटर बंद केल्यावर आणि सकाळी सुरू करण्यापूर्वी पातळी मोजली, की रात्रीत किती पाणी आलं ते कळतं. उन्हाळ्यात विहीर खरी तेवढंच देते.

४. तारीख, खोली, मोटरचे तास आणि पाऊस वहीत लिहा. घरातल्या शाळकरी मुला-मुलींनाही हे काम जमतं.

दुसरीकडे काय केले?

हा प्रश्न एकट्या आपलाच नाही. जगात सर्वात जास्त भूजल भारतच उपसतो. एकत्रित आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर, कर्नूल, महबूबनगर अशा सात दुष्काळी जिल्ह्यांत २००३ पासून शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि बोअरची पातळी मोजायला सुरुवात केली. पावसाळा संपला की गाव एकत्र बसायचं, खाली किती पाणी साठलं आणि रब्बीत कुणाला काय पेरायचं आहे याचा ताळा सगळ्यांसमोर मांडायचं. पेरणीवर कुणी बंदी घातली नाही. तरी आकडे पाहून अनेकांनी भाताचं क्षेत्र कमी केलं. सगळ्याच गावांत हे साधलं असं नाही, पण जिथे साधलं तिथे ते शेतकऱ्यांनी वाचलेल्या आकड्यांमुळे.

अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या एका भागातल्या मका उत्पादकांनी तर स्वतःवरच मर्यादा घालून घेतली. २०१३ पासूनच्या पाच वर्षांत मिळून एकरी ५५ इंच, म्हणजे सुमारे १,४०० मिलिमीटरच पाणी उपसायचं, असं त्यांनी सरकारकडून मंजूर करून घेतलं. वीस टक्के उपसा कमी करायचं ठरलं होतं, त्याहून जास्त कमी झाला. आपण वरच्या हिशेबात एका वर्षात एकरी १,५०० मिलिमीटर उपसले होते, हे ध्यानात घ्यावे.

आपण काय करावे?

ऊस सोडा असं आम्ही सांगत नाही. कारखाना उसावरच चालतो. पण मार्च-एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली की उभा ऊस वाळतो, आणि नुकसान सभासदाचं व कारखान्याचं दोघांचंही होतं. २०१६ साली लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही.

पाचट न जाळता आच्छादन करावे. ठिबक जरूर बसवावे. मात्र ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लागण केली, तर विहिरीच्या वहीत काहीच वाचत नाही.

आमची सूचना अशी. एकाच ओढ्याच्या कडेच्या पाच-दहा विहिरींच्या मालकांनी एकत्र यावे आणि येत्या पंधरवड्यापासून मोजणी सुरू करावी. बोअरवाल्यांनाही सोबत घ्यावे, कारण खालचं पाणी बांध ओळखत नाही. पाऊस संपल्यावर सगळ्यांच्या वह्या एकत्र ठेवाव्यात. आधी गावाचं आणि जनावरांचं प्यायचं पाणी बाजूला काढावे, आणि उरलेल्यात ऊस किती, गहू-हरभरा किती, हे ठरवूनच पुढची लागण करावी. मोजणीत अडचण आली, तर गट कार्यालयातल्या शेतकी कर्मचाऱ्यांना विचारावे.