पिशवीच्या तोंडावरची ‘जखम’

‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ एवढे ऐकले की घरात कॅन्सर आणि ऑपरेशन याखेरीज दुसरा विषय राहत नाही. उचगावातल्या चौतीस वर्षांच्या एका बाईच्या कागदावर ‘सर्व्हिक्स इरोजन’ इतकेच लिहिले होते. अंगावरून पांढरे जाते म्हणून ती दाखवायला गेली आणि पिशवी काढायची तारीख घेऊन परतली. पॅप टेस्ट, म्हणजे तोंडावरच्या पेशींची तपासणी, कुणी केलीच नव्हती. दुसरीकडे केली, ती नॉर्मल निघाली.

इरोजन हे नावच फसवे आहे. तिथे काही सोललेले नसते. गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीचे अस्तर एकपदरी असते, म्हणून त्यातून रक्तवाहिन्यांची लाली दिसते. पाळीच्या वयात, गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे अस्तर बाहेर सरकते. स्पेक्युलम लावल्यावर गुलाबी तोंडाभोवती लालभडक कडे दिसते ते हेच. त्रास नसेल तर त्याला औषधही लागत नाही. नॅबोथियन सिस्टचे पिवळट फोडही निरुपद्रवी असतात. पॉलिप मात्र काढून तपासायला पाठवावा.

नुसत्या लालीवरून निदान होत नाही. व्हीआयए तपासणीत ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावून मिनिटभर थांबतात. आतल्या आणि बाहेरच्या अस्तरांच्या सीमेला लागून दाट पांढरा, ठळक कडांचा डाग उठला तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात. त्याचाही अर्थ कॅन्सर असा नाही. पुढे कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तोंडाची पाहणी, आणि गरज पडल्यास बायोप्सी. सीआयएन म्हणजे कॅन्सरपूर्व बदल; त्यातला सीआयएन १ बहुधा आपोआप जातो. सीआयएन २ किंवा ३ असेल तर बहुतेकींचा तेवढाच भाग जाळून वा कापून काढतात, पिशवी शाबूत राहते. पाळी गेल्यावर ही सीमा आत सरकते, तेव्हा व्हीआयएवर विसंबू नये.

हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूच्या टेस्टचे मोल महाराष्ट्रातच सिद्ध झाले. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागाने अभ्यास झाला. २००९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार आयुष्यात एकदा केलेल्या या टेस्टने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी कागदावर यांपैकी कोणती टेस्ट आहे, हे विचारलेच पाहिजे.

संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणे, घाण वासाचे तांबूस पाणी जाणे, ही लक्षणे असतील तर थांबू नये. तोंडावर हात लागताच रक्त येणारी गाठ असेल, तर पॅपचा रिपोर्ट चांगला असूनही बायोप्सी करावीच लागते.