खुशालीचे पत्र

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगाव हे गाव लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा निर्माण झाला, आणि त्याच्या मुख्यालयाच्या इमारती या कोळगावात उभ्या राहिल्या. मोखाडा, जव्हार, तलासरी अशा दूरदूरच्या तालुक्यांतून माणसे आपापल्या कामांसाठी येथे येतात. कोणाला दाखला हवा असतो, कोणाला अर्ज द्यावयाचा असतो. बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या एखाद्या वृद्धाच्या खिशातील मोबाईल किणकिणतो. गावाकडील जुन्या मित्राने दोन ओळी लिहिलेल्या असतात : ‘‘नातीचा ताप उतरला. सकाळी थोडी पेज घेतली. तू काळजी करू नकोस.’’ त्या दोन ओळी वाचताच वृद्धाच्या कपाळावरच्या आठ्या मावळतात. काम अजून व्हावयाचेच असते. पण मन मात्र हलके झालेले असते.

असे संदेश या भागात दिवसभर येतजात असतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम करणारा कामगार दूर गावी राहिलेल्या मित्राला आपल्या पाठदुखीची हकीकत सांगतो. घरी बाळ जन्माला आले, आजीचा गुडघा सुजला, धाकट्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या, ही सारी वृत्ते क्षणात शेकडो मैलांवर जाऊन पोहोचतात. जगाच्या दृष्टीने या बातम्या क्षुल्लक असतील; ज्याच्यासाठी त्या लिहिलेल्या असतात, त्याला मात्र त्याच दिवसातील सर्वांत मोठ्या बातम्या वाटतात.

मोबाईल येण्यापूर्वी हे काम पत्रे करीत असत. १ जुलै १८७९ रोजी आपल्या देशात पोस्टकार्ड सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा होती. एका पैशात गरिबाचीही खुशाली देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागली. ‘इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत, तिकडील खुशाली कळवावी,’ असे प्रारंभी लिहावयाचे, मग मुख्य मजकूर, आणि अखेरीस थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद, अशी पत्राची रीत होती. शुभ वार्तेच्या पत्राला हळदकुंकवाचे बोट लावीत. निधनाची वार्ता असलेल्या पत्राचा कोपरा फाडीत. ज्या घरी कोणाला वाचता येत नसे, तेथे पुष्कळदा पोस्टमनच ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवी. तार आली की मात्र घरातील सर्वांच्या छातीत धस्स होई. कारण तार बहुधा आजाराची किंवा मृत्यूची वार्ता घेऊन येई. ही तारसेवा २०१३ साली बंद झाली.

पत्रातील ‘सर्व खुशाल आहेत’ हे वाक्य पुष्कळदा केवळ रीत म्हणून लिहिले जाई. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असले, तरी ते वाक्य तसेच असे. आपले सर्वच काही खुशाल नाही, हे मनुष्य कोणाला लिहितो? ज्याच्यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो, अशा मित्राला. अशाच एका मैत्रीची हकीकत पालघरपासून फार दूर नसलेल्या कल्याण येथे जन्मलेल्या एका मुलीच्या चरित्रात आढळते. २०१४ सालापर्यंत कल्याण आणि कोळगाव ही दोन्ही एकाच ठाणे जिल्ह्यात होती.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे यमुना नावाची मुलगी जन्मली. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. गोपाळराव टपालखात्यात कारकून होते. पत्नीने शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. परंतु तो दहा दिवसच जगला. योग्य वैद्यकीय मदत त्याला मिळू शकली नाही. त्या दुःखातून आपण स्वतः डॉक्टर व्हावे, हा निश्चय आनंदीबाईंच्या मनात रुजला.

पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही साहाय्य मिळेल काय, अशी विचारणा करणारे पत्र गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले होते. ते पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावी थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई राहत असत. १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईपर्यंत त्यांनी हाताशी असलेले ते मासिक चाळले, आणि हे पत्र त्यांच्या दृष्टीस पडले. सातासमुद्रापलीकडील एका अनोळखी मुलीची ज्ञानाची तळमळ पाहून त्यांचे मन हेलावले. त्यांनी लेखणी हाती घेतली आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले.

यानंतर दोघींमध्ये नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. ती पत्रे आगगाडीने आणि आगबोटीने प्रवास करीत. एका पत्राचे उत्तर हाती पडेपर्यंत कित्येक आठवडे लोटत. तरीही लिहिण्यात खंड पडला नाही. दोन्ही देशांतील चालीरीती, बालविवाह, स्त्रियांचे आरोग्य असे गंभीर विषय त्या पत्रांत असत. आणि त्यांबरोबर घरच्या गोष्टीही असत. पुढे आनंदीबाई या वयाने वडील असलेल्या मैत्रिणीला मावशी मानू लागल्या.

१८८१ साली गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. कलकत्त्याला असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. डोके सतत दुखे, मधूनमधून ताप येई, अशक्तपणा जाणवे, कधी कधी धाप लागे. त्यांनी आपली ही दुखणी झाकून ठेवली नाहीत. कार्पेंटरबाईंना ती मोकळेपणाने कळविली. कार्पेंटरबाईंचा जीव कळवळला आणि त्यांनी अमेरिकेहून औषधे पाठविली. दुर्दैवाने त्या औषधांनी गुण आला नाही. यात नवल नव्हते. औषध पाठविणाऱ्या मैत्रिणीने रोग्याची नाडी पाहिली नव्हती, छाती तपासली नव्हती. त्या औषधांमागील माया खरी होती. परंतु माया आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग त्या पत्रांचा उपयोग तरी काय झाला? तो लवकरच दिसून आला. आनंदीबाईंनी एकटीने अमेरिकेस जाऊन वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, असे ठरले. समाजातून कडाडून विरोध झाला. प्रकृती नाजूक, वय अवघे अठरा, आणि देश परका! पण त्या परक्या देशात एक घर मात्र परके नव्हते. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे त्यांना उतरवून घेण्यासाठी कार्पेंटरबाई आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पूर्वी प्रत्यक्ष कधीही पाहिले नव्हते. तरी त्या एकमेकींना अनोळखी नव्हत्या. तीन वर्षांच्या पत्रांनी ते काम केले होते. कार्पेंटरबाईंनी त्यांना रोझेल येथील आपल्या घरी नेले.

त्यानंतर आनंदीबाई फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील कडाक्याची थंडी आणि न मानवणारे अन्न यांमुळे त्यांची प्रकृती अधिकच खालावली. क्षयाने त्यांना ग्रासले. क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली जाहीर केला होता. परंतु त्या जंतूवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडण्यास १९४३ साल उजाडावे लागले. अशा स्थितीतही त्यांनी अभ्यास सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण ते काम हाती घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आदराने ठेवण्यात आल्या. पत्रांनी सुरू झालेला स्नेह असा मृत्यूनंतरही टिकून राहिला.

आज पत्राला आठवडे लागत नाहीत. संदेश क्षणार्धात पोहोचतो. साधन बदलले, तरी मित्राचे कर्तव्य बदललेले नाही. मित्राने आपले दुखणे सांगितले की प्रथम ते शांतपणे ऐकून घ्यावे. त्याचे हसे करू नये, किंवा ‘त्यात काय विशेष!’ म्हणून ते उडवूनही लावू नये. उत्तर लिहावयाचे ते वेळेवर लिहावे. कारण दुखणाईताला वाट पाहण्याचा काळ फार लांब वाटतो.

दुसरे कर्तव्य गुप्ततेचे. पोस्टकार्ड उघडे असे. ते कोणीही वाचू शके. म्हणून घरातील नाजूक गोष्ट शहाणी माणसे पोस्टकार्डावर न लिहिता बंद पाकिटातून पाठवीत. मोबाईलवर अनेकांच्या गटात टाकलेला संदेश हा पोस्टकार्डासारखाच असतो. मित्राने आपल्याला एकट्याला सांगितलेली आजाराची गोष्ट त्याला न विचारता चारचौघांत पसरविणे, म्हणजे त्याचे बंद पाकीट फोडून चव्हाट्यावर वाचणे होय.

तिसरे कर्तव्य सावधगिरीचे. ताप हा एकच दिसला, तरी त्याची कारणे अनेक असतात. हिवताप, डेंग्यू, विषमज्वर या सर्वांत ताप येतो. पण तिन्हींचे उपचार निरनिराळे आहेत. एकाला गुण देणारी गोळी दुसऱ्याला अपायही करू शकते. म्हणून मित्राला औषधाचे नाव सुचविण्यापेक्षा त्याला डॉक्टरकडे जाण्यास सांगावे, आणि शक्य असल्यास त्याच्यासोबत जावे. तातडीचा प्रसंग असेल, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. वैद्याचे काम वैद्याने करावे. धीर देण्याचे काम मात्र मित्राइतके चांगले कोणीच करू शकत नाही.

आनंदीबाईंची डोकेदुखी, त्यांचा ताप, त्यांची धाप या गोष्टी आज इतक्या वर्षांनंतरही ठाऊक आहेत. कारण त्यांनी त्या एका मैत्रिणीला विश्वासाने कळविल्या आणि त्या मैत्रिणीने तो विश्वास अखेरपर्यंत जपला.

कोळगावच्या त्या बाकावर बसलेला वृद्ध आता चष्मा सावरून उत्तर लिहू लागतो. बोटांना सवय नसल्यामुळे एकेक अक्षर शोधावे लागते. ‘‘वाचून बरे वाटले. ताप पुन्हा आला, तर डॉक्टरला दाखवायला उशीर करू नकोस. मी संध्याकाळच्या गाडीने येतो.’’ एवढे लिहिण्यास त्याला बराच वेळ लागतो. तोवर त्याची पाळी आलेली असते.

अभ्यास

१. पत्राला हळदकुंकू लावणे आणि पत्राचा कोपरा फाडणे, यांवरून काय समजत असे?
२. कार्पेंटरबाईंनी पाठविलेल्या औषधांनी आनंदीबाईंना गुण का आला नाही?
३. ‘पण त्या परक्या देशात एक घर मात्र परके नव्हते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. मोबाईलवरील गटातील संदेशाला पोस्टकार्डाची उपमा का दिली आहे?
५. आजारी मित्राची विचारपूस करणारे पत्र लिहा. त्यात कोणत्याही औषधाचे नाव सुचवू नका.