तिकीट एक, खर्च पाच!

सुट्टीत आम्ही पाच जण गेटवेहून लाँचने घारापुरीला गेलो. जाऊन-येऊन तिकीट काढलं, वाटलं झालं! पण वरच्या डेकचे पैसे वेगळे, धक्क्यावरच्या छोट्या रेल्वेचे वेगळे, ग्रामपंचायतीचा कर, शिवाय लेण्यांचं तिकीट. आजींना चालवेना, म्हणून रेल्वे टाळता आली नाही. कर रास्तच आहे. पण तिकीट देतानाच सगळं सांगायला काय हरकत होती?

मी चिडले, लेकीने मात्र वहीत हिशेब मांडला. तोच आता माझा गणिताचा पाठ. सरसकट पाचने गुणलं की उत्तर चुकतं, कारण पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही.

पालकहो, सहलीचं अंदाजपत्रक मुलांनाच करू द्या. पहिला प्रश्न : ‘यात काय काय धरलेलं नाही?’