इंगल्स घराणे : कादंबरीतले आणि दप्तरातले

लॉरा इंगल्स वाइल्डर हिची पहिली कादंबरी १९३२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ती ६५ वर्षांची होती. तिच्या कादंबऱ्यांतला 'पा' म्हणजे तिचे वडील चार्ल्स इंगल्स (१८३६-१९०२). या घराण्याचा मूळ पुरुष एडमंड सतराव्या शतकात इंग्लंडमधील लिंकनशायरहून मॅसॅच्युसेट्सला आला. पण दोनशे वर्षांनंतरही वंशजांचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवरच होते!

कादंबऱ्या वाचून वाटते की, हे कुटुंब सतत पश्चिमेकडे सरकत गेले. मीही तसेच समजत होतो. सरकारी दप्तर मात्र निराळे सांगते.

विस्कॉन्सिनमधील घर विकून चार्ल्सने कॅन्सासमध्ये लाकडी घर बांधले. १८७० च्या खानेसुमारीत तेथे त्याची नोंद आहे. परंतु ती भूमी ओसेज या आदिवासी जमातीची होती. चार्ल्सजवळ मालकीचा कागद नव्हता. कादंबरीत सरकार हुसकून लावणार, या भीतीने 'पा' घर सोडतो. वस्तुतः जुलै १८७० मध्येच ती जमीन वसाहतकऱ्यांना विकण्याची तरतूद कायद्याने झाली होती. देशोधडीला लागले ते ओसेज. इंगल्स मंडळी १८७१ मध्ये परतली. विस्कॉन्सिनचे घर घेणाऱ्याला उरलेले पैसे देणे जमेना, हे त्याचे साधे कारण. मुलांच्या पुस्तकात ते कसे शोभावे?

पुढे मिनेसोटात टोळधाडीने गहू फस्त केला. १८७५ साली पिठासाठी चार्ल्सला 'मी निष्कांचन आहे' अशा अर्थाचे लिहून द्यावे लागले. १८७६ मध्ये एकुलता एक मुलगा फ्रेडी वारला. तो दहा महिन्यांचाही नव्हता. नंतर कुटुंब चक्क पूर्वेस, आयोवातील बर ओक गावी, हॉटेलात काम करण्यास गेले. तेथूनही देणे थकल्याने एका रात्री गुपचूप निघावे लागले.

फ्रेडी आणि बर ओक, दोघांनाही कादंबरीमालेत जागा नाही. लॉराने ते दडवले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आत्मकथनाच्या हस्तलिखितात तिने दोन्ही लिहिले होते. ते छापून आले २०१४ साली.

अखेर १८८० मध्ये डकोटात, १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये, चार्ल्सने सुमारे १५४ एकरांवर हक्क नोंदवला. पाच वर्षे राहून कसल्याचा पुरावा देऊन १८८६ मध्ये जमीन पदरात पाडून घेतली. पुढच्याच वर्षी त्याने डी स्मेट गावात घर बांधले, आणि शेत सोडून तो तेथे राहायला गेला.