कणकवलीचा काळा दगड आणि जगाचा बाजार

गेल्या वर्षीं पालकांच्या भेटीच्या दिवशीं कणकवलीकडून आलेल्या एका पालकांनीं आपल्या पिशवींतून एक काळा, जड दगड काढून आमच्या मेजावर ठेविला, आणि आपल्या बोलींत विचारिलें, "गुरुजी, ह्या दगडाक काय मोल आसा?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचें उत्तर देण्यास आम्हांस तुर्कस्तानापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि ओरिसापासून चीनपर्यंत फिरावें लागलें. तीच सफर आज विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलमंडळींस घडवावी असा आमचा मानस आहे.

प्रथम दगडाची ओळख करून घेऊं. हें खनिज क्रोमाइट होय. लोह, क्रोमियम व प्राणवायु यांच्या संयोगानें तें बनलेलें असतें. तें दिसण्यांत काळें, किंचित् चकाकणारें असून हातांत घेतांच त्याचें वजन जाणवतें; पाण्याच्या सुमारें साडेचार पट तें जड असतें, आणि आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ पाण्याच्या केवळ तिपटीच्या आसपास भरतो. काळे व जड दगड दुसरेही असतात. म्हणून पारख करण्याची एक सोपी रीत ध्यानांत ठेवावी. पांढऱ्या फरशीच्या मागील खडबडीत बाजूवर दगड घासावा. रेघ तांबडी उठली तर हेमॅटाइट, काळी उठली तर मॅग्नेटाइट, आणि तपकिरी उठली तर क्रोमाइट असण्याचा संभव अधिक. लोहचुंबक मॅग्नेटाइटास जोरानें ओढतो, क्रोमाइटास मात्र फारच थोडें ओढतो. अर्थात् खरा निर्णय प्रयोगशाळेंतच होतो.

ह्या खनिजांतील धातूचा शोध १७९७ सालीं व्होकलँ नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें लाविला. उरल पर्वतांतून आलेल्या तांबड्या रंगाच्या शिशाच्या खनिजाचें पृथक्करण करीत असतां त्यास हा नवा धातु सांपडला. त्याचे क्षार पिवळे, नारिंगी, हिरवे अशा नाना रंगांचे असतात, म्हणून रंग ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास क्रोमियम हें नांव मिळालें. पाचूची हिरवाई व माणकाची लाली हीं दोन्ही ह्याच धातूच्या अंशमात्र मिश्रणामुळें येतात.

आतां कोणी विद्यार्थी विचारील कीं, हा दगड कणकवलीस सांपडतो, तर आपल्या देवरुखास कां सांपडूं नये? ह्याचें कारण भूमीच्या इतिहासांत आहे. देवरुखाच्या आसपास आपण जो कातळ पाहतों तो ज्वालामुखीच्या रसाचा, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा; आणि त्याच्या माथ्यावर उन्हापावसानें झिजून झालेला जांभा, ज्याचे चिरे आपल्या घरांच्या भिंतींस लागले आहेत. दक्षिणेस कणकवलीकडे जाऊं लागलें म्हणजे हें ज्वालामुखीचें पांघरूण संपत जातें व त्याखालचे अतिप्राचीन खडक उघडे पडतात. पृथ्वीच्या पोटांतून आलेल्या, लोह व मॅग्नेशियम यांनीं भरलेल्या खोल खडकांतच क्रोमाइट जन्मास येतें. रस थिजत असतां त्याचे जड कण आधीं बनून तळाशीं बसतात, जसा काढ्याचा गाळ भांड्याच्या तळाशीं बसावा तसे. कणकवली, जानवली व वागदे ह्या गांवांच्या परिसरांत असे खडक आहेत आणि त्यांत क्रोमाइट आढळतें. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हीं गांवें आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होतीं, म्हणून जुन्या ग्रंथांत हें खनिज रत्नागिरीच्या नांवावर नोंदलेलें आढळतें. विदर्भांत भंडारा व नागपूर या जिल्ह्यांतही तें आहे. परंतु महाराष्ट्रांतील हे साठे लहान व विखुरलेले आहेत.

दगड सांपडला म्हणजे धातु मिळाला असें मात्र नव्हे. क्रोमाइटांतील प्राणवायु क्रोमियमला इतक्या घट्टपणें धरून असतो कीं, साध्या लोहाराच्या भात्यास तो दाद देत नाहीं. त्यासाठीं विजेची भट्टी लागते. खनिज, कोक व गारगोटी हीं योग्य प्रमाणांत भट्टींत घालून त्यांत कर्बाचे जाडजूड दांडे उतरवितात व प्रचंड विद्युत्प्रवाह सोडतात. सुमारें १,७०० अंश उष्णतेंत कोकांतील कर्ब प्राणवायूस ओढून नेतो आणि लोह व क्रोमियम यांचा मिश्र रस तळाशीं उतरतो. तोच फेरोक्रोम होय. एक टन फेरोक्रोमास दोन ते अडीच टन खनिज आणि सुमारें ३,५०० ते ४,००० युनिट वीज लागते. महिन्यास शंभर युनिट वीज जाळणाऱ्या कुटुंबास एवढी वीज तीन वर्षें पुरेल! हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व कथा त्यावरच फिरते.

घरांतील उदाहरणानें हा हिशेब अधिक स्पष्ट होईल. पाव किलो वजनाचा एक पोलादी तांब्या घेऊं. उत्तम जातीच्या न गंजणाऱ्या पोलादांत शंभर भागांस अठरा भाग क्रोमियम असतें. म्हणजे ह्या तांब्यांत तें ४५ ग्रॅम झालें. फेरोक्रोमांत शेंकडा साठ भाग क्रोमियम धरिल्यास ७५ ग्रॅम फेरोक्रोम लागला, आणि त्यासाठीं सुमारें १९० ग्रॅम खनिज. म्हणजे मूठभर काळा दगड आपण रोज हातांत धरून पाणी पितों, परंतु त्याची जाणीव आपणांस नसते.

हें न गंजणारें पोलाद १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं हॅरी ब्रिअर्ली यानें तयार केलें. बंदुकींच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून तो निरनिराळ्या मिश्रणांचे प्रयोग करीत होता. त्यांत सुमारें तेरा टक्के क्रोमियम असलेलें पोलाद आम्लानेंही काळवंडत नाहीं असें त्यास दिसून आलें. क्रोमियम हवेंतील प्राणवायूशीं मिळून पोलादावर एक अदृश्य पातळ कवच चढवितें, आणि तें ओरखडलें तरी पुन्हां आपोआप भरून येतें. त्यापूर्वीं क्रोमियमचा उपयोग मुख्यतः रंगांकडे व पुढें कातडें कमावण्याकडे होत असे. आजही जगांतील बहुतेक कातडें क्रोमियमच्या क्षारांनींच कमावितात. आंबा घाट चढून पलीकडे गेल्यावर मिळणारी खरी कोल्हापुरी चप्पल मात्र अद्याप झाडपाल्याच्या कसावरच होते. परंतु ब्रिअर्लीच्या शोधानंतर खनिजाचा ओघ पोलादाकडे वळला तो कायमचा.

मागणी वाढली तशी राष्ट्रांची दृष्टि ह्या काळ्या दगडावर गेली. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीपाशीं स्वतःचें क्रोम नव्हतें. तिचा भरंवसा बव्हंशीं तुर्कस्तानावर होता. तुर्कस्तान तटस्थ राहून दोन्ही पक्षांशीं व्यवहार करीत होतें. जर्मनीस माल मिळूं नये म्हणून ब्रिटननें तेथील क्रोम विकत घेण्याचे करार केले, आणि अखेर एप्रिल १९४४ मध्यें तुर्कस्ताननें जर्मनीचा पुरवठा बंद केला. दुसरी गोष्ट ऱ्होडेशियाची, म्हणजे आजच्या झिंबाब्वेची. तेथील अल्पसंख्य गोऱ्या सरकारनें १९६५ सालीं एकतर्फी स्वातंत्र्य पुकारिलें, तेव्हां संयुक्त राष्ट्रांनीं पुढच्या वर्षीं त्या देशाच्या क्रोमसहित प्रमुख मालावर बहिष्कार घातला. तथापि १९७१ सालीं अमेरिकेनें खास कायदा करून ऱ्होडेशियाचें क्रोम पुन्हां घेण्यास आरंभ केला, आणि तो कायदा १९७७ पर्यंत टिकला. ज्या वस्तूवांचून अडतें तेथें राष्ट्रांच्या तत्त्वांचीही कशी परीक्षा होते, हें ह्यावरून दिसेल.

आजची स्थिति अशी. जगांत वर्षाकाठीं सुमारें चार कोटी टन क्रोमखनिज निघतें. त्यांत सुमारें दोन पंचमांश वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेचा आहे. त्यामागून कझाकस्तान, तुर्कस्तान, भारत व फिनलंड हे देश येतात. न गंजणारें पोलाद जगांत २०२३ सालीं सुमारें ५ कोटी ८० लाख टन झालें, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक चीननें बनविलें. चीनमध्यें क्रोमखनिज नांवाला आहे. तरीही फेरोक्रोम बनविण्यांत आज तोच जगांत पहिला आहे. दक्षिण आफ्रिकेचें खनिज जहाजांत भरून चीनला जातें आणि तेथील भट्ट्यांत वितळतें. एके काळीं फेरोक्रोमांत दक्षिण आफ्रिका अग्रेसर होती. परंतु २००८ पासून तेथें विजेचा तुटवडा पडूं लागला, दर चढत गेले, आणि एकामागून एक भट्ट्या थंडावल्या. दगड ज्याच्या घरीं तो मागें पडला, वीज व पोलादाचे कारखाने ज्याच्या घरीं तो पुढें गेला. एका टनास लागणाऱ्या विजेचा आंकडा ध्यानांत ठेवा असें आम्ही म्हटलें तें ह्यासाठींच.

आपल्या देशाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानचें क्रोम मुख्यतः बलुचिस्तानांतील हिंदुबाग येथून येई; १९४७ च्या फाळणींत तो प्रदेश पाकिस्तानांत गेला. सुदैवानें १९४९ सालीं ओरिसांतील सुकिंद्याच्या खोऱ्यांत मोठा साठा सांपडला, आणि आज भारतांतील नव्वद टक्क्यांहून अधिक क्रोम त्याच राज्यांत आहे. कच्चें खनिज परदेशीं जाऊन तेथील भट्ट्या चालाव्यात हें इष्ट नव्हे, म्हणून सरकारनें २००७ सालीं त्याच्या निर्यातीवर टनामागें २,००० रुपये कर बसविला व पुढें तो वाढविला. त्याचा हेतु असा कीं, दगड येथेंच वितळावा आणि फेरोक्रोम वा पोलाद होऊनच बाहेर जावा. २०१६ सालीं न गंजणाऱ्या पोलादाच्या उत्पादनांत भारताचा क्रम चीनच्या खालोखाल लागला.

परंतु ह्या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावांचून उत्तर पुरें होणार नाहीं. क्रोमियमचे दोन मुख्य प्रकार आहेत. खनिजांतील क्रोमियम बव्हंशीं निरुपद्रवी. परंतु प्राणवायूशीं अधिक संयोग होऊन त्याचें जें षट्संयुजी रूप बनतें तें विषारी असून पाण्यांत सहज विरघळतें. प्रयोगशाळेंतील नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट हें त्याचेंच उदाहरण, आणि त्यास हात लावूं नका असें आम्ही बजावितों तें उगीच नव्हे. सुकिंद्याच्या उघड्या खाणींतील पाणी व मातीचे ढीग यांमधून हें विष ओढ्यानदींत उतरलें. २००७ सालीं अमेरिकेंतील एका संस्थेनें जगांतील अत्यंत दूषित अशा दहा स्थळांची यादी प्रसिद्ध केली, तींत सुकिंद्याचें नांव होतें. जें पाणी खाणीतून उपसावें लागतें तें शुद्ध करूनच सोडण्याची विद्या उपलब्ध आहे. परंतु तिला खर्च येतो, आणि तो खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न नफ्याच्या हिशेबांत नेहमीं शेवटीं येतो.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊं. दगडास मोल आहे काय? एका दगडास नाहीं. साठा मोठा हवा, कस उत्तम हवा, वीज स्वस्त हवी, बंदर व रेल्वे जवळ हवी, आणि घेणारा पोलादाचा कारखाना हवा. कोंकण रेल्वे कणकवलीवरून जाते आणि आपल्या जिल्ह्यांतील पोफळीस कोयनेच्या पाण्यावर वीज होते हें खरें. तरी लहानशा साठ्यावर सुकिंदा उभें राहत नाहीं. समजा, उद्यां कोणी येऊन साठा मोठा आहे असें म्हणूं लागला, तर गांवानें त्यास चार प्रश्न विचारावेत: खनिज कच्चें जाणार कीं येथें वितळणार? कामावर कोण लागणार, आणि किती वर्षें? विहिरींचें व ओढ्याचें पाणी कोण तपासणार? आणि खाण संपल्यावर खड्डा कोण भरणार? सप्तलिंगीच्या कांठीं राहणाऱ्या आपणांस शेवटच्या दोन प्रश्नांचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आम्ही त्या पालकांस हेंच सांगितलें. ते थोडे हिरमुसले. मग त्यांनीं विचारिलें कीं, हें सारें समजण्यास पोरानें काय शिकावें? आमच्या मतें त्यांचा हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक मोलाचा होता. रसायनशास्त्र शिकावें, भूगोल मनापासून वाचावा, आणि गणितांतील प्रमाण व शेंकडेवारीचा कंटाळा करूं नये. कारण कराराचा कागद पुढें आला असतां गांवाच्या बाजूनें तो वाचणारा कोणी तरी गांवचाच असावा लागतो. दक्षिण आफ्रिकेची कहाणी हेंच शिकविते कीं, जमिनींतील दगडापेक्षां त्याचें पोलाद करणाऱ्याच्या हातीं अधिक मोल राहतें. आणि सुकिंदा शिकवितें कीं, ज्यास पाण्याची पारख नाहीं त्यास तें मोल फार महाग पडतें.

तो दगड सध्यां आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत आहे. ज्यास पाहावयाचा असेल त्यानें अवश्य यावें, फरशीवर घासून रेघ पाहावी, तराजूंत तोलावा, आणि मग घरीं जाऊन आपल्या पाणी पिण्याच्या तांब्याकडे एकदां नीट पाहावें.