अंतर शरीराचे, मनाचे नव्हे



१५७६ साली मिलान शहरात प्लेगची साथ आली. लोक घरांत अडकले. तेव्हा आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेदी उभारून मिस्साची सोय केली. लोक खिडकीतून सहभागी झाले.

२०२० मध्ये कोविडमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा ‘आता श्रद्धा कुठे गेली?’ असे काहींनी विचारले. पुढे काहींना लसीची भीती वाटली. लस घेणे ही प्रेमाची कृती आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सांगितले.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला आणि नियमाप्रमाणे याजकाकडेही पाठवले (मार्क १:४०-४४). नियम पाळल्याने श्रद्धा उणी होत नाही. पण नियमाच्या आडून आजाऱ्याला वाळीत टाकणे हे पाप आहे.

चिंतनासाठी: त्या दिवसांत आजारी शेजाऱ्याच्या दारात आपण डबा ठेवला, की ते दारच टाळले?