घोट्याची सूज उतरू द्या

पोरांनो, आषाढात उत्रोलीच्या खाचरांत लावणी लागली की बांधावर पाय सटकतो आणि घोटा मोडतो. अशा वेळी पाय उशीवर ठेवून सैल बांधा आणि १०८ ला फोन लावा. जोडवी-पैंजण आधी काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. चोळणं नको, शेकणं नको. कामट्या आवळून बांधणाऱ्याकडे तर नेऊच नका. सुजल्या पायाला घट्ट बांधलं की रक्त अडतं, पाय काळा पडतो. वाटेत चहा पाजू नका, भूल द्यावी लागेल. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, महात्मा फुले योजनेला लागतं.

घोटा वाकडा होऊन बोटं गार पडली किंवा हाड बाहेर आलं, तर एक तासही घालवू नका. जखमेवर हळद-चुना न लावता ती स्वच्छ फडक्याने झाका. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवलं, तर तसेच पुढे निघा.

बाकी घोट्यांना मात्र डॉक्टर अनेकदा म्हणतात, "आठ-दहा दिवसांनी ऑपरेशन करू." लगेच घरातले चिडतात, दुसरं हॉस्पिटल शोधतात. मी हे फार पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगते. मांडीच्या हाडावर मांस असतं, घोट्यावर नुसती कातडी. ती सुजून ताणलेली असताना चिरली, तर टाके धरत नाहीत, जखम उघडते, प्लेट दिसू लागते आणि पू होतो. कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत सर्जन थांबतो, तोही उपचारच आहे. तोवर पाय छातीच्या वर ठेवणं आणि साखर आटोक्यात आणणं घरच्यांच्या हातात असतं. मशेरी-तंबाखू बंद करा, तिने हाड जुळायला वेळ लागतो. थांबायचं म्हणून घरी बसून तीन आठवडे मात्र घालवू नका. हाड वाकडं जुळू लागतं. घोट्यातलं हाड एक मिलिमीटर सरकलं तरी सांध्याची टेकण ४२ टक्क्यांनी घटते, हे १९७६ साली रॅम्सी आणि हॅमिल्टन या संशोधकांनी मोजून दाखवलंय.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा सहा आठवडे, पाय टेकवायचा नाही. मधुमेह असला तर त्याहून जास्त. देशी संडासावर उकिडवं बसता येणार नाही, कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. आणि पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.